दुसरं बोलावणं

जेवणं झाली, ताटं उचलली गेली, टेबल पुसून झालं आणि तरीही कुणी उठलं नाही, तेव्हा मधल्या सुनेने ओळखलं, नणंदेला आज सहज बोलावलेलं नाही.

नणंद म्हणजे सासूबाईंची एकुलती एक लेक. नवरा गेल्यापासून तिने शिवणाचं दुकान एकटीने चालवलं होतं. तोंडात कायम दोन टाचण्या धरल्यासारखी ती ओठ आवळून बोले, आणि या घरात जो वाद मिटत नसे तो शेवटी तिच्यापुढे ठेवला जाई. थोरल्या भावाने ट्रक तोलणाऱ्या मोठ्या काट्यांची कामं घ्यावीत हे तिनेच ठरवलं होतं. धाकट्याच्या लग्नालाही हो तिनेच म्हटलं होतं. सध्या ते दोघे भाऊ असाच एक काटा बसवायला बाहेरगावी गेले होते. घरात बायका होत्या, आणि मधलीचा नवरा, मधला.

"मधले," सासूबाई म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात बोलावलंय ना तुला? काय ठरवलंस?"

"नाही जात."

"का पण, ताई?" धाकटी जाऊ ताडकन म्हणाली.

"धाकटे, तू मध्ये बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "तूच नेलं होतंस तिला."

ते खरं होतं. पालिकेच्या दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करतात, हे धाकटीनेच घरी आणलं होतं. थोरल्या जावेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मधली मात्र गेली, आणि दोघींनी तपासून घेतलं. घरच्याच कारखान्यात वजनांना पॉलिश करणाऱ्या बायकांना तिने आल्यावर रंगवून सांगितलंही, की एवढंसं काम असतं, डोळे मिटून उघडेपर्यंत झालंसुद्धा. त्या बायकांनीही जायचं ठरवलं. मग धाकटीचा निकाल आला, काही दोष नाही म्हणून. आणि मधलीला फोन आला, पुन्हा या म्हणून.

दुसऱ्या एखाद्या घरात कदाचित कुणी विचारलं असतं, पुन्हा का? इथे कुणी विचारलं नाही. हे काटेवाल्यांचं घर. सोनारांचे, औषधवाल्यांचे, बेकरीवाल्यांचे तराजू तीन पिढ्या या घरातून दुरुस्त होऊन, तपासून, शिक्का घेऊन बाहेर जात होते. बाहेर गेलेला काटा बाहेरच राहिला पाहिजे. तो परत आला तर त्यात खोट निघाली, याला दुसरा अर्थ नसे. परत आलेला काटा खालच्या फळीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवत, आणि गिऱ्हाइकासमोर त्याचं नाव काढत नसत. फोन खाली ठेवल्यापासून मधलीशी सगळे हळू आवाजात बोलू लागले होते. पॉलिशच्या बायकांनी दवाखान्याचा विषय बंद केला होता. कुणीतरी तिच्या हातातली जड पेटी काढून घेतली होती, आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला होता.

"हात दाखवून अवलक्षण," नणंद म्हणाली. "दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. चांगली धडधाकट बाई उठली आणि टेबलावर जाऊन झोपली."

"वन्सं, दुखायला लागायच्या आधीच करायची असते ती तपासणी."

"तुझा निकाल चांगला आला म्हणून तुझा जोर."

"तिची तपासणी अजून पुरी झालेलीच नाही. नमुना बरोबर आला नाही एवढंच—"

"एवढंच असतं तर बोलावलं असतं का?" सासूबाई म्हणाल्या. "आपण एखादा काटा उगीच परत मागवतो का गं?"

मधला इतका वेळ नखातला पितळेचा काळा मळ काढत होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही हे त्याला बरं वाटलं. हा आजार नवऱ्याकडून येतो, असं त्याला दुकानात कुणीतरी हसत सांगितलं होतं. त्याने मोबाइलवर शोधून पाहिलं. पहिल्या ओळीत तसंच काहीसं दिसलं आणि त्याने मोबाइल बंद केला. दुसरी ओळ त्याने वाचली नाही.

"नको म्हणते तर नको ना," तो म्हणाला.

मधलीने त्याच्याकडे पाहिलं. तो आपल्या बाजूने बोलला, आणि तरी आपल्याला एकटं का वाटलं, हे तिला कळेना. "खाली जाऊबाईंना पाणी देऊन येते," असं म्हणून ती उठली.

थोरली जेवायला नव्हती. तिने आधीच चार घास खाऊन घेतले होते. रविवारी घासायचं यंत्र बंद असतं, रस्त्यावर गाड्या कमी असतात, जमीन थरथरत नाही. म्हणून औषधवाल्यांची आणि सोनारांची बारीक वजनं ती रविवारीच तपासत असे. त्या खोलीला दोन दारं होती. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पंखा नव्हता. दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत तपासणीचा काटा होता, आणि त्याच्यासमोर थोरली इतकी स्थिर बसे की लहानपणी मुलं तिला घाबरत. बाजारात म्हणत, तिने बरोबर म्हटलं की बरोबर. सरकारी शिक्का मारणारा निरीक्षकसुद्धा आधी तिचा चेहरा बघतो.

"ये. बाहेरचं दार लागलं का?"

"लागलं."

थोरलीने चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढं वजन पारड्यात ठेवलं. सुई एका बाजूला गेली, परत आली, पुन्हा गेली. दोघी बघत राहिल्या. झोके लहान होत होते. आणि तेवढ्यात दोन्ही दारं एकदम उघडली.

"अगं, आई विचारते—"

सुई थेट टोकाला गेली.

"भाऊजी!"

"चुकलो, वहिनी." मधल्याने दारं लावून घेतली. बाहेर त्याची पावलं चवड्यांवर दूर जाताना ऐकू आली.

थोरलीने वजन उचलून बाजूला ठेवलं, पेटी बंद केली आणि हात मांडीवर घेतले. आता हवा शांत होईपर्यंत थांबायचं. मधली या घरात येऊन वीस वर्षं होऊन गेली होती, तिला हे सांगावं लागलं नाही.

"फोनवर ती काय म्हणाली?" थोरलीने विचारलं.

"पुन्हा या म्हणाली."

"ते साऱ्या घराने ऐकलं. त्याच्या आधी काय म्हणाली? शब्द न् शब्द सांग."

मधलीने आठवून पाहिलं. तो आवाज तरुण होता, जरा घाईतला. "म्हणाली, नमुन्यात पेशी कमी आल्या. काचेवर नीट दिसलं नाही. वाचता आलं नाही म्हणाली."

"वाचता आलं नाही, का वाचून काही सापडलं?"

"वाचता आलं नाही."

"हं." थोरलीने पेटीकडे बोट केलं. "आत्ता भाऊजी आले. या वजनाचं मी काय सांगू? बरोबर आहे का खोटं आहे?"

"काहीच सांगता येणार नाही."

"मग खालच्या फळीवर ठेवू?"

मधलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. एवढे दिवस ती स्वतःच स्वतःला भिंतीकडे तोंड करून ठेवत आली होती.

"हे धाकटीने मला दहा वेळा सांगितलं, जाऊबाई."

"मग पटलं नाही?"

"ती दवाखान्याचं सांगत होती. तुम्ही काट्याचं सांगितलंत."

थोरली हसली. मग मधली म्हणाली, "एक विचारू? तिने तुम्हालाही चला म्हटलं होतं. तुम्ही का नाही आलात?"

"वेळ नव्हता."

"हे वाचन काही खरं नाही हं, जाऊबाई."

असं या खोलीत थोरलीला कुणी म्हटलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. पण ती राग येईल म्हणून थांबली आणि तो आलाच नाही. काचेच्या पेटीत सुई मधोमध स्थिर झाली होती.

"टेबलावर आडवं पडायचं," ती म्हणाली, "वर छताकडे बघायचं, आणि मी बरोबर आहे की नाही ते दुसऱ्या कुणी सांगायचं. मला नाही सोसत ते. आजवर मी सांगत आले, लोकांनी ऐकलं."

"आणि आजेसासऱ्यांनी घालून दिलेला नियम? ज्याने घडवलं त्याने तपासायचं नाही?"

"तो तुला मीच शिकवलाय. मला काय शिकवतेस?" थोरलीने चिमटा उचलला. वजन पुन्हा पारड्यात ठेवलं. या वेळी दार उघडलं नाही. सुई झोके घेत घेत थांबली.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि वजन त्याच्या मखमली खाचेत ठेवून उठली. "चल वर."

वर सासूबाई आणि नणंद आता हळू आवाजात बोलत होत्या. धाकटी खिडकीशी पाठ करून उभी होती. आपलं या घरात कुणी ऐकत नाही, हे तिला नवीन नव्हतं. पण आज ते मधल्या ताईच्या जिवावर बेतेल, अशी तिला भीती वाटत होती.

"उद्या मी आणि मधली दवाखान्यात जातोय," थोरली म्हणाली. "धाकटे, तू बरोबर चल. तुला तिथलं माहीत आहे."

धाकटी वळली. नणंदेने कपाळावर हात मारला.

"घ्या! आता ही पण. अगं, चाळीस लोक तुझ्या शब्दावर तोलतात. तुला तिथे बसलेलं बघितलं तर काय म्हणतील?"

"म्हणतील, काटेवाल्यांची थोरली तपासून घेते."

"थोरले," सासूबाई म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते. घराचं नाव आहे बाजारात. या घरात काहीतरी आहे, असं एकदा लोकांच्या तोंडी गेलं की पुसता येत नाही."

"आई, मधलीचं काही निघालेलं नाही. वाचनच झालेलं नाही. दार उघडलं की आपण काय करतो?"

ती तपासणीची खोली थोरलीच्या आधी सासूबाईंनीच सांभाळली होती. आपण काय विसरलो ते त्यांना लगेच कळलं, आणि त्या कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"वन्सं, तुम्हीही चला," मधली म्हणाली.

"मी? मला काय झालंय?"

"काही नाही. म्हणून तर."

"पुरुष डॉक्टर असला तर?"

"नर्सबाई करतात," धाकटी म्हणाली.

"ती माझ्याच गिऱ्हाइकांतली निघाली म्हणजे? मी तिच्या कंबरेला टेप लावायचा, आणि तिने माझं... शी!"

सगळ्या हसल्या. मधलाही दाराशी उभा राहून हसला. नणंद एकटी हसली नाही. ती टेबलाच्या पुसलेल्या पृष्ठभागावरून हात फिरवत राहिली.

"आणि निघालं काही तर?" ती म्हणाली. तिच्या आवाजातल्या टाचण्या गळून पडल्या होत्या. "तुम्हाला सगळं सोपं आहे. तुम्ही एकमेकींच्या आहात. माझं करणार कोण?"

सासूबाईंनी चष्मा पुसायचा थांबवला. एवढी वर्षं ही लेक त्यांच्यासमोर घरातले निवाडे करत बसली होती. संध्याकाळी ती कुलूप उघडून रिकाम्या घरात जाते, हे त्यांना माहीत होतं. तिथे ती कशाला घाबरते, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"करणार कोण म्हणजे?" त्या कडाडल्या. "मी मेलेय का? आणि या तिघी काय शोभेला आणल्यात?"

"आई, तसं नाही—"

"तसंच आहे. उद्या तू येतेस. आणि मीसुद्धा."

"आणि ती झाकली मूठ?" धाकटीला राहवलं नाही.

"मुठीत काय आहे ते आपल्याला तरी कळू दे," सासूबाई म्हणाल्या. "उद्या दुकान बंद. पॉलिशच्या बायकांना सांग, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. कुणाचा खाडा धरायचा नाही."

मधल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आजोबा गेले त्या दिवशीही शटर अर्धं उघडं होतं. "आई, गिऱ्हाइकं येतील. शटरवर काय लिहू? कौटुंबिक कारणामुळे?"

"कुणी गेल्यासारखं? काही नको. खरं काय ते लिही."

तराजूंच्या पाट्या रंगवायचा ब्रश आणि काळा रंग घेऊन मधला खाली बसला. मधली डबा धरायला गेली. बराच वेळ त्याने एकही अक्षर काढलं नाही.

"काय झालं?"

"बाजारात म्हणतात, हे नवऱ्याकडून येतं."

"म्हणून तोंडाला कुलूप लावून बसला होतात होय?" मधलीने डबा खाली ठेवला. "अहो, तो विषाणू जवळजवळ सगळ्यांनाच आयुष्यात कधीतरी शिवून जातो. बहुतेकांचा आपोआप निघून जातो. ज्यांचा राहतो, त्यांच्यात काही बदल होतोय का ते बघायचं. कुणाकडून आला, किती वर्षांपूर्वी आला, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. धाकटीने सगळं समजावलंय. उगीच स्वतःला एवढं महत्त्व देऊ नका."

मधल्याने मोठा श्वास सोडला. "हे आधी सांगायचंस ना."

"तुम्ही आधी विचारायचंत."

सकाळी त्या निघाल्या तेव्हा रस्त्यावरची दुकानं उघडत होती. पुढे सासूबाई, ठेवणीतल्या कपड्यांत, काठी नुसती हातात, जमिनीला न टेकवता. त्यांच्यामागे लेक आणि तिघी सुना. कोपऱ्यावर पॉलिशच्या बायका उभ्या होत्या. आधी दोघीच दिसल्या. पण थोरलीला येताना बघून जिन्यावरून आणखी दोघी उतरल्या. बेकरीवाल्याने लग्नाला जाताय का म्हणून विचारलं. "नाही," सासूबाई म्हणाल्या, "तपासणीला," आणि थांबल्या नाहीत.

दवाखान्यातल्या नर्सने सासूबाईंचं वय ऐकून मान हलवली. "आजी, इथे पासष्टीपर्यंतच घेतो आम्ही. तुम्हाला काही त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवा."

"त्रास काही नाही. म्हणून तर आले."

"तुमची गरज नाही, आजी."

"न बघता सांगतेस?" सासूबाई म्हणाल्या. नर्सने हात जोडले. सासूबाई मग बाकावर बसून राहिल्या, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीची पिशवी त्यांनी मांडीवर सांभाळली.

मधली आत गेली. दार बंद झालं. थोरलीला वाटलं, आता बाहेर कुणी मोठ्याने बोलूसुद्धा नये. नणंदेने तिचा हात केव्हा धरला ते दोघींनाही कळलं नाही. थोड्या वेळाने मधली ओढणी सारखी करत बाहेर आली.

"या वेळी नमुना छान आलाय म्हणाली. वाचता येईल."

"आणि निकाल?" नणंदेने विचारलं.

"तो येईल तेव्हा येईल. काही निघालं तर पुढचंही विचारून आलेय मी. उपाय असतो म्हणाली. वेळेत कळलं तर छोटासाच." मधलीचा आवाज नेहमीसारखा होता, हळू नव्हता. "जाऊबाई, तुमचा नंबर."

थोरली टेबलावर आडवी झाली. छत पांढरं होतं, एका कोपऱ्यात ओल आली होती. नर्सचे हात गार होते, पण अचूक होते. काय करणार ते ती आधी सांगे आणि मगच करे. थोरलीला हात लगेच ओळखू येतात. या हातांना घाई नव्हती. तिने डोळे मिटले आणि स्वतःला दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवलं.

इकडे मधला बंद शटरसमोर स्टूल टाकून बसला होता. येणारा प्रत्येक जण आधी पाटी वाची, मग त्याच्याकडे बघे. पाटीवर ठळक, काळ्या, एकसारख्या अक्षरांत लिहिलं होतं: घरातल्या सर्व बायका तपासणीला गेल्या आहेत. दुकान दुपारी उघडेल.

औषधवाला आपला काटा काखोटीला मारून आला. पाटी त्याने दोनदा वाचली.

"कसली तपासणी हो?"

मधल्याने इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर बरीच माणसं होती. मग तो ताठ बसला.

"गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची."

औषधवाल्याने काटा खाली ठेवला. त्याचा आवाज उतरला. "अरेरे. कुणाला झालाय?"

"कुणालाच नाही," मधला म्हणाला. "व्हायच्या आधीच जायचं असतं."

औषधवाल्याने पाटी आणखी एकदा वाचली. मग त्याने विचारलं, "आमच्या हिला घेतील का तिथे?"

"घेतील की. आमच्या धाकटीला विचारा, ती सगळं सांगेल."

दुपारी कोपऱ्यावरून बायकांचं मोठमोठ्याने बोलणं ऐकू आलं. निकाल यायला अजून अवकाश होता, पण मधली सगळ्यांच्या पुढे होती, आणि जड पिशवी तिच्याच हातात होती. मधल्याने लगबगीने उठून पाटी काढायला हात घातला.

"राहू द्या," मधली म्हणाली आणि तिनेच कुलूप काढून शटर वर ढकललं. "आतल्या भिंतीला लावा. अजून पुष्कळ जणांनी वाचायचीय."